पोराचा घसा दुखतोय, ताप आहे, गिळवत नाही : घरी काय करायचं आणि डॉक्टरकडे कधी न्यायचं

पहिलं काम म्हणजे पोराला दारात उजेडात उभं करा आणि घसा स्वतःच्या डोळ्याने बघा. मोबाइलचा टॉर्च लावा, त्याला "आऽऽ" म्हणायला सांगा, जीभ खाली बसत नसेल तर धुतलेल्या चमच्याच्या दांड्याने जिभेचा पुढचा भाग हलकासा दाबा, चमचा फार आत घालू नका नाहीतर उलटी होते. पडजिभेच्या दोन्ही बाजूंना जे गोळे दिसतात ते टॉन्सिल. ते लालभडक होऊन सुजलेत का, त्यांच्यावर पांढरे-पिवळे ठिपके किंवा पू आहे का, टाळूच्या मागच्या भागावर बारीक लाल टिपके आहेत का, एवढं बघायचं. मग जबड्याच्या कोपऱ्याखाली मानेला दोन्ही बाजूंनी बोटांनी चाचपा, गाठी लागतात का, दाबल्यावर पोरगं कळवळतं का. थर्मामीटर लावा आणि आकडा वेळेसकट कागदावर लिहून ठेवा. आणि हो, पोराची लाळ गळतेय, श्वासाला आवाज येतोय, ते पुढे वाकून बसलंय असं असेल तर तोंडात चमचा-बिमचा काहीच घालायचं नाही, तसंच उचलायचं आणि दवाखाना गाठायचा.

एवढं बारकाईने लिहितेय कारण आपल्याकडे घसा कोणी उघडून बघतच नाही. मागच्या हिवाळ्यात सारंगखेड्याच्या यात्रेहून आल्यावर तिसऱ्या दिवशी माझा आठ वर्षांचा मुलगा शाळेतून आला आणि दप्तर न काढताच म्हणाला, "माय, मना गया दुखस." (आई, माझा गळा दुखतोय.) सासूबाईंनी विचारलं यात्रेत काय खाल्लं रे, बर्फाचा गोळा खाल्ला असणार, झालं, कारण सापडलं, हळदीचं दूध देऊन त्याला झोपवलं. रात्री ताप १०२. सकाळी पोट दुखतंय म्हणाला, एक उलटी झाली, आणि थुंकीसुद्धा गिळताना डोळ्यात पाणी. खोकला नाही, सर्दी नाही, नाक कोरडं ठणठणीत. तेव्हा मी टॉर्च लावून बघितलं तर टॉन्सिलवर दह्याचे कण पडावेत तसे पांढरे ठिपके. गोळा खाऊन हे होत नाही. गर्दीत कोणाच्या तरी खोकण्या-शिंकण्यातून, नाहीतर उष्ट्या ग्लासातून जंतू येतो आणि दोन ते पाच दिवसांनी घसा धरतो.

या जंतूचं नाव ग्रुप ए स्ट्रेप्टोकोकस, डॉक्टर लोक नुसतं स्ट्रेप म्हणतात. ५ ते १५ वर्षांच्या मुलांना हा जास्त होतो, तीन वर्षांखाली फार क्वचित. आणि हे पण सांगते की घसा दुखणाऱ्या दर १० मुलांमधल्या साधारण तिघांनाच स्ट्रेप असतो, मोठ्या माणसांमध्ये तर दहात एखाद्यालाच, बाकी सगळे व्हायरल. म्हणून घसा दुखला की लगेच घाबरायचं नाही, पण दोघांत फरक करता आला पाहिजे.

फरक असा की व्हायरलमध्ये बहुतेक वेळा नाक गळतं, शिंका येतात, खोकला असतो, आवाज बसतो, डोळे लाल होतात, आणि दुखणं हळूहळू वाढतं. स्ट्रेप अचानक येतो. सकाळी खेळणारं पोर संध्याकाळी पडून असतं, ताप १०१ च्या वर, गिळताना कळ, मानेच्या पुढच्या बाजूला दुखऱ्या गाठी, डोकं दुखतं, लहान मुलांना पोटदुखी आणि उलटी, आणि खोकला मात्र नसतो. खोकला नाही म्हणजे बरं आहे असं आपण समजतो, इथे ते उलटं आहे. कधी कधी अंगावर बारीक पुरळ येतं, सावळ्या रंगाच्या पोरांना लाली दिसत नाही पण हात फिरवला तर पॉलिश पेपरसारखं खरखरीत लागतं, जीभ लाल आणि दाणेदार होते. असं पुरळ दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर. पण एक समजून घ्या, नुसतं घसा बघून स्ट्रेपच आहे असं डॉक्टरलासुद्धा शंभर टक्के सांगता येत नाही, टेस्ट लागते. आपण घरी फक्त एवढंच ठरवायचं की डॉक्टरला दाखवायचं की दोन दिवस थांबायचं.

आता मी हे सगळं इतकं मनावर का घेते ते सांगते. माझी एक मावसबहीण आहे, आम्ही तिला अक्का म्हणतो. लहानपणी दर हिवाळ्यात तिचा घसा धरायचा, तापाची गोळी, गरम पाणी, दोन-तीन दिवसांत बरी, परत शाळेत. अकराव्या वर्षी तिचा गुडघा सुजला, तो उतरला तर घोटा धरला, मग मनगट, सगळे म्हणाले वाढीचं वय आहे, वात आहे, तेल चोळा. पुढे लग्न झालं, पहिल्या बाळंतपणात सातव्या महिन्यात तिला जिना चढताना दम लागायला लागला, रात्री आडवं पडवेना, तेव्हा धुळ्याला नेऊन टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) केला आणि कळलं की हृदयाची झडप आकसलीय. डॉक्टरांनी विचारलं लहानपणी सांधे सुजले होते का, घसा यायचा का, तेव्हा मावशी तिथेच खाली बसली. आज अक्का दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घेते. तिच्या घरी कॅलेंडरवर त्या तारखांना गोल केलेले असतात.

होतं असं की स्ट्रेपशी लढायला शरीर जी फौज तयार करतं तिला स्ट्रेपच्या अंगावरचं प्रोटीन आणि आपल्या हृदयाच्या झडपेचा भाग साधारण सारखा वाटतो, मग ती फौज आपल्याच झडपांवर आणि सांध्यांवर तुटून पडते. याला संधिवाताचा ताप म्हणतात, रूमॅटिक फिव्हर. सगळ्यांना होत नाही, थोड्यांनाच होतो, पण कोणाला होईल ते आधी कळत नाही. घसा येऊन गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी हे सुरू होतं, म्हणजे तोपर्यंत घसा सगळे विसरलेले असतात.

म्हणून डोक्यात एकच गोष्ट पक्की करा. स्ट्रेपचा घसा औषध नाही घेतलं तरी तीन ते पाच दिवसांत आपोआप बरा वाटायला लागतो. घरचे उपाय दुखणं कमी करायला आहेत, आणि डॉक्टरचं अँटिबायोटिक हे घशापेक्षा हृदय वाचवायला आहे. दोन्ही पाहिजे. गुळण्यांनी बरं वाटलं म्हणून डॉक्टरकडे न जाणं ही चूक, तशीच डॉक्टरकडून औषध आणलं म्हणून पोराला खायला-प्यायला काय द्यायचं याकडे लक्ष न देणं ही पण चूक.

घरी काय करायचं

पाणी सगळ्यात आधी. गिळताना दुखतं म्हणून पोरं पाणीच पीत नाहीत, मग तापाने आणखी सुकतात, तोंड कोरडं पडलं की घसा अजून दुखतो. ग्लासभर पी म्हटलं तर पिणार नाही, म्हणून दर दहा-पंधरा मिनिटांनी दोन-तीन घोट द्या, चमच्याने द्या, पाणी नको असेल तर ओआरएस, वरणाचं पाणी, ताकाची निवळी, नारळपाणी, काहीही. लघवी किती वेळा झाली ते मोजा, आठ तास झाले आणि लघवीच नाही किंवा एकदम गडद पिवळी होतेय तर पाणी कमी पडतंय.

मिठाच्या गुळण्या खरंच आराम देतात. एक ग्लास कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, हळद टाकायची तर चिमूटभर टाका, दिवसातून तीन-चार वेळा. पाणी कोमट म्हणजे कोमटच, आपण पिऊन बघायचं, कढत पाण्याने सुजलेला घसा आणखी भाजतो. पाच-सहा वर्षांखालच्या पोराला गुळणी जमत नाही, ते पाणी गिळून टाकतं, त्याला जबरदस्ती करू नका. बिटाडिनच्या गुळण्या लहान मुलांना, गरोदर बाईला आणि थायरॉइडच्या पेशंटला डॉक्टरला न विचारता देऊ नका, त्यात आयोडिन असतं.

मध चांगला, एक चमचा नुसता किंवा कोमट पाण्यात, पण एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात नाही, बोटाला लावून चाटवायचा सुद्धा नाही, बाळाला त्यातून बोट्युलिझम नावाची विषबाधा होऊ शकते. हळदीचं दूध पोराला आवडत असेल तर द्या, आवडत नसेल तर त्यावर भांडत बसू नका, त्याने जंतू मरत नाही. तुळस-आलं-मिरीचा काढा मोठ्या माणसाला ठीक, पोरांना मिरीने घसा आणखी चरचरतो. ज्येष्ठमधाची काडी मोठ्यांनी चघळली तर बरं वाटतं, फक्त बीपी असलेल्यांनी रोज रोज घेऊ नये.

थंड चालतं का, हा प्रश्न प्रत्येक घरात वादाचा. चालतं. बर्फाचा छोटा तुकडा चोखला, साधी कुल्फी हळूहळू खाल्ली तर सुजलेला घसा बधिर होतो आणि पोराला चार घास खाता येतात. गरम बरं वाटत असेल तर गरम द्या, थंड बरं वाटत असेल तर थंड द्या, पोराला विचारा. माझ्या मुलाने दोन दिवस फक्त माठातलं पाणी आणि थंड दूध घेतलं, सासूबाई माझ्याशी बोलत नव्हत्या, पण तिसऱ्या दिवशी तो जेवला.

खाण्याबद्दल आपल्या खान्देशी स्वयंपाकाला जरा बाजूला ठेवावं लागतं. ठेचा, शेवभाजी, काळ्या मसाल्याचा रस्सा, कळण्याच्या भाकरीचा कडक पापुद्रा, बिबड्या, चिवडा हे आठवडाभर नको, खरखरीत आणि तिखट दोन्ही घशाला घासतं. मुगाची पातळ खिचडी तूप घालून, दादरच्या (रब्बी ज्वारीच्या) पिठाची पेज, मऊ वरण-भात, साबुदाण्याची खीर, मिरची न टाकता नुसतं भाजलेलं वांगं मीठ-तूप घालून कालवलेलं, दुधात कुस्करलेली पोळी, असं द्यायचं. आणि केळी. रावेर-यावलकडे घराघरात केळी आणि घसा आला की पहिलं काय बंद करतात तर केळी, कफ होतो म्हणून. पिकलेलं मऊ केळं गिळायला सोपं, पोटाला आधार देतं, पोर खात असेल तर खुशाल द्या.

खोलीत धूर नको. चुलीचा धूर, थंडीत अंगणात पेटवलेली शेकोटी, आबांची बिडी, मच्छर अगरबत्ती, यातलं काहीही पोराच्या जवळ नको. वाफ द्यायचा मोह होतो पण स्ट्रेपला वाफेचा फार उपयोग नाही आणि उकळत्या पातेल्यावर पोराला वाकवायचं म्हणजे भाजण्याची भीती, तेव्हा नकोच.

आणि या गोष्टी करूच नका : घशाला बाहेरून चुना लावणं, अंगठ्याला मीठ-राख लावून आत टॉन्सिल दाबणं, पडजीभ उचलून देणं, पांढरे ठिपके कापसाने पुसून काढणं. हे करणारी माणसं मायेने करतात, मला माहीत आहे, माझ्या आजीने पण केलंय, पण त्याने जखम होते आणि आतली सूज वाढते.

ताप आणि दुखण्याची गोळी

पॅरासिटामॉल. बाकी काही शोधत बसू नका. मुलांना ते वयावर नाही तर वजनावर द्यायचं असतं, एका किलोला १० ते १५ मिलिग्रॅम एका वेळी, दोन डोसमध्ये कमीत कमी चार ते सहा तासांचं अंतर, आणि २४ तासांत चार डोसच्या वर नाही. म्हणजे २० किलोच्या पोराला एका वेळी २०० ते ३०० मिलिग्रॅम. आता खरी गडबड इथे होते की सिरपच्या बाटल्या दोन ताकदीच्या मिळतात, एक ५ मिलीमध्ये १२५ किंवा १२० वाली आणि एक ५ मिलीमध्ये २५० वाली. २५० वाली असेल तर या पोराला ४ ते ६ मिली, आणि दुसरी असेल तर त्याच्या दुप्पट. बाटलीवर वाचा, झाकणासोबत आलेल्या मापाने मोजा, घरच्या चमच्याने नाही. लहान बाळांचे ड्रॉप्स आणखी जास्त कडक असतात, ते सिरपसारखे मापून देऊ नका. सर्दी-तापाच्या मिक्स सिरपमध्ये पण पॅरासिटामॉल असतं, दोन्ही एकदम दिलं तर डबल होतं आणि लिव्हरवर ताण येतो.

आयबुप्रोफेनने घशाची सूज चांगली उतरते पण आपल्याकडे पावसाळ्यात आणि नंतरच्या महिन्यांत डेंग्यू असतो, आणि डेंग्यूत ती गोळी धोक्याची, त्यामुळे ताप कशाचा आहे हे कळेपर्यंत ती नको. पोरांना अ‍ॅस्पिरिन कधीच नाही. निमेसुलाइड १२ वर्षांखालच्या मुलांना द्यायला आपल्या देशात २०११ पासून बंदी आहे, घरात मोठ्यांसाठी आणलेली पट्टी पडलेली असते त्यातली अर्धी गोळी तोडून देतात, तसं करू नका.

डॉक्टरकडे कधी, कोणाकडे, काय विचारायचं

घसा दुखतोय, ताप १०१ च्या वर आहे आणि खोकला-सर्दी नाही, किंवा टॉन्सिलवर पांढरं दिसतंय, किंवा मानेत दुखऱ्या गाठी आहेत, तर वाट बघू नका, त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी दाखवा. यातलं काही नाही पण घसा दोन-तीन दिवस झाले तरी कमी नाही, तरी दाखवा. घरात कोणाला आधी संधिवाताचा ताप किंवा झडपेचा त्रास झालेला असेल तर पहिल्याच दिवशी जा आणि तसं डॉक्टरला स्पष्ट सांगा. उशीर झाला असेल तरी जा, घसा सुरू झाल्यापासून नऊ दिवसांच्या आत अँटिबायोटिक सुरू झालं तरी संधिवाताचा ताप टाळता येतो. कापूस वेचणी चालू आहे, मजूर मिळत नाहीत, उद्या बघू असं होतं, मी समजू शकते, एक दिवस इकडेतिकडे चालेल पण दहा दिवस नाही.

गावातलं प्राथमिक आरोग्य केंद्र यासाठी पुरेसं आहे, तिथे एमबीबीएस किंवा बीएएमएस डॉक्टर असतात, तालुक्याला ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय, आणि जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी आता सरकारी मेडिकल कॉलेज आहे. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या पाड्यांवर असाल तर आशाताईला सांगा, कुठे जायचं ते तिला ठाऊक असतं. जायचं नाही ते डिग्री नसलेल्या, पिशवी घेऊन फिरणाऱ्याकडे. तो एक सुई टोचतो, बहुतेक त्यात स्टिरॉइड असतं, चार तासांत घसा मोकळा, पोर हसायला लागतं, आणि आपण म्हणतो हाताला गुण आहे. जंतू मात्र आत तसाच. "सलाईन लावून द्या" असा हट्ट पण डॉक्टरकडे धरू नका, पोर तोंडाने पीत असेल तर सलाईनची काही गरज नसते.

जाताना कागदावर लिहून न्या : ताप कधी सुरू झाला, किती होता, खोकला आहे का नाही, पोराचं वजन, काय औषध दिलं, कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे का. आणि विचारा, "डॉक्टर, हे स्ट्रेप वाटतंय की व्हायरल? घशाचा स्वॅब घ्यायचा का?" कापसाच्या काडीने टॉन्सिल पुसून घेतात, रॅपिड टेस्ट असेल तर काही मिनिटांत कळतं, कल्चर लॅबला पाठवलं तर एक-दोन दिवस लागतात. तालुक्याला ही टेस्ट नसेल तर डॉक्टर लक्षणं बघून ठरवतात आणि ते चालतं. रक्ताची एएसओ टेस्ट आजचा घसा ओळखायला कामाची नाही, ती मागे कधी स्ट्रेप होऊन गेला का ते सांगते, घशासाठी कोणी ती लिहून दिली तर का ते विचारा. आणि डॉक्टर म्हणाले व्हायरल आहे, अँटिबायोटिक नको, तर ते मागू नका, अशा डॉक्टरला धरून ठेवा.

मेडिकलवर जाऊन "घशाची गोळी द्या" म्हणणं बंद करायला पाहिजे. ज्या पट्टीवर उभी लाल रेघ असते ती डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नसते. तीन गोळ्यांचा अ‍ॅझिथ्रोमायसिनचा कोर्स आपल्याकडे फुटाण्यासारखा खपतो, पण स्ट्रेपला पहिलं औषध ते नाही. पहिलं औषध पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन, पूर्ण १० दिवस. इतकी वर्षं झाली तरी हा जंतू पेनिसिलिनला शिरजोर झालेला नाही, अ‍ॅझिथ्रोमायसिनला मात्र काही ठिकाणी तो दाद देत नाही. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तरच डॉक्टर अ‍ॅझिथ्रोमायसिन किंवा दुसरं काही देतात. काही ठिकाणी पेनिसिलिनचं लांब टिकणारं एकच इंजेक्शन देतात, खूप दुखतं, पण दहा दिवसांचं काम एकात होतं. ते घेतल्यावर अर्धा तास दवाखान्यातच बसा.

दहा दिवसांचा कोर्स, सगळ्यात अवघड भाग

इथेच बहुतेक घरं हरतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ताप जातो, पोर अंगणात क्रिकेट खेळायला लागतं, मग कोण औषध देतंय. अर्धी बाटली फ्रिजच्या दारात पडून राहते आणि पुढच्या वेळी घसा दुखला की तीच काढतात.

मी काय केलं ते सांगते. डॉक्टरला आधीच म्हटलं की मी सकाळी सातला शेतात जाते, दुपारचा डोस कोणी देणार नाही, तर दिवसातून दोनदाच देता येईल असं लिहून द्या, आणि त्यांनी तसं दिलं. अमॉक्सिसिलिन दिवसातून दोनदा, काही वेळा एकदासुद्धा देता येतं, फक्त विचारावं लागतं. मग भिंतीवरच्या कॅलेंडरवर दहा दिवसांच्या चौकोनात दोन-दोन रेघा काढल्या, डोस झाला की पोराने स्वतः पेनाने रेघ कापायची. वीस रेघा. त्याला त्याची मजा वाटायला लागली, एका रात्री मी विसरले तर त्यानेच आठवण केली.

पावडरची बाटली असेल तर उकळून गार केलेलं पाणी बाटलीवरच्या खुणेपर्यंत घालायचं, आधी थोडं घालून हलवायचं मग खुणेपर्यंत, आणि दर वेळी देताना परत हलवायचं. पाणी घातल्यावर ती बाटली ठरावीक दिवसच चालते, लेबलवर लिहिलेलं असतं, बऱ्याचदा सात दिवस. म्हणजे दहा दिवसांना एक बाटली पुरत नाही, हे मेडिकलवाला सांगेलच असं नाही, चिठ्ठी दाखवून आधीच दोन घ्या आणि दुसरीत पाणी गरज पडेल तेव्हाच घाला. फ्रिज नसेल किंवा मे महिना असेल, आपल्याकडे पारा ४४-४५ ला जातो आणि लाइटचा भरवसा नाही, तर बाटलीऐवजी पाण्यात विरघळणारी गोळी मागा. एखादा डोस राहिला तर आठवल्यावर द्या, पण दोन डोस एकदम नको. औषधाने पोट थोडं ढिलं झालं तर चालू ठेवा, अंगावर गांधी उठल्या, ओठ-डोळे सुजले, श्वास लागला तर औषध थांबवून लगेच डॉक्टर.

औषध सुरू होऊन दोन दिवस झाले तरी ताप तसाच, गिळवत नाही, तर परत जा. कधी कधी स्ट्रेप नसतोच, दुसरंच काही असतं.

घरात पसरू नये म्हणून औषधाचे पहिले १२ ते २४ तास पोराला शाळेत पाठवू नका, ताप उतरल्यावरच पाठवा. ग्लास, टॉवेल, चमचा वेगळा. एकाच बाटलीला तोंड लावून सगळी भावंडं पाणी पितात ते थांबवा. एक-दोन दिवसांनी टूथब्रश बदला. घरात दुसऱ्या कोणाचा घसा धरला तर त्याला पण दाखवा, पण ज्यांना काहीच त्रास नाही त्यांना "सावधगिरी म्हणून" त्याच बाटलीतलं औषध पाजू नका.

१०८ ला फोन कधी

थुंकी सुद्धा गिळता येत नाही आणि लाळ गळते, तोंड उघडत नाही, आवाज तोंडात काहीतरी धरल्यासारखा घोगरा येतो, घशाची एकच बाजू फुगून पडजीभ बाजूला सरकलीय, श्वास घेताना आवाज येतो किंवा बरगड्या आत ओढल्या जातात, मान वळत नाही, पोर सुस्त पडलंय आणि हाक मारली तरी नीट बघत नाही. यातलं एक जरी दिसलं तरी रात्र असो की पहाट, १०८ ला फोन करा. टॉन्सिलच्या मागे पू साठला तर तो दवाखान्यातच काढावा लागतो, घरी ते बसत नाही. घशात राखाडी रंगाची, चिकटून बसलेली जाड साय दिसली तर तो घटसर्प असू शकतो, त्यात तास-तास मोलाचा. १० आणि १६ वर्षांची टीडीची (धनुर्वात-घटसर्पाची) लस शाळेत देतात तेव्हा "ताप येईल" म्हणून त्या दिवशी पोराला घरी ठेवू नका.

नंतरचे चार-पाच आठवडे

घसा बरा झाला, कोर्स संपला, तरी कॅलेंडरवर पुढच्या महिन्यात एक खूण करून ठेवा आणि तोवर पोराकडे लक्ष ठेवा. एक सांधा सुजून बरा होतो आणि दुसरा धरतो, खेळताना दम लागतो, छातीत धडधडतं, हात-पाय किंवा चेहरा आपोआप वेडेवाकडे हलतात, वस्तू हातातून पडतात, अक्षर अचानक बिघडतं. हे हलणं तर कधी कधी काही महिन्यांनी पण येतं आणि घरचे म्हणतात पोरगं नकला करतंय. सकाळी उठल्यावर चेहरा आणि डोळ्यांखाली सूज, लघवी कमी आणि चहाच्या रंगाची, हे किडनीचं लक्षण, ते औषध पूर्ण घेऊनही क्वचित होऊ शकतं. यातलं काहीही दिसलं तर डॉक्टरला नुसतं "पाय दुखतो" असं सांगू नका, "महिन्यापूर्वी घसा आला होता" हे वाक्य न विसरता सांगा. अक्काच्या वेळी ते वाक्य कोणीच बोललं नव्हतं.

शाळेत आणि अंगणवाडीत आरबीएसकेची (सरकारच्या बाल आरोग्य तपासणीची) टीम तपासायला येते, त्यांच्या यादीत हे हृदयाचं दुखणं पण आहे. ते स्टेथोस्कोप लावून काही म्हणाले, जळगावला किंवा धुळ्याला एको करून घ्या असा कागद दिला, तर तो कागद दप्तरात राहू देऊ नका, त्याच आठवड्यात जा, सोबत जुन्या घशाच्या चिठ्ठ्या असतील तर त्या पण घेऊन जा.